केसपेपरवरची एक ओळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डॉक्टर आणि कोर्ट यांची गाठ ग्राहक कायद्याने घालून दिली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. जुनी डॉक्टर मंडळी तर आपल्या व्यवसायाचे दोन कालखंडच पाडतात, एक १९९५ च्या आधीचा आणि एक नंतरचा. आधीच्या काळात डॉक्टर म्हणजे देवमाणूस होता आणि नंतरच्या काळात तो दुकानदार झाला, असे ते हळहळून सांगतात. रुग्णांचे नातेवाईक याच गोष्टीची दुसरी बाजू मांडतात. पूर्वी डॉक्टरला कोणी विचारू शकत नव्हते, आता निदान जाब तरी मागता येतो, असे त्यांचे म्हणणे.

यवतमाळच्या न्यायालयात वकिली करताना मी या दोन्ही बाजूंची माणसे जवळून पाहिली. माझ्याकडे डॉक्टर येत ते बहुतेक हातात नोटीस घेऊनच. तोवर कायद्याशी आपला संबंध नाही, अशी त्यांची समजूत असे. खरे तर त्यांनी केसपेपरवर पहिली ओळ लिहिली, त्याच क्षणी तो संबंध आलेला असतो. ही गोष्ट आजकालची नाही, तिचा इतिहास पुष्कळ जुना आहे. तो थोडक्यात आपल्यापुढे ठेवावा, असा आजचा बेत आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात वैद्यांसाठी एक नियम सांगितला आहे. जिवावरच्या दुखण्यावर वर्दी न देता उपचार सुरू केले आणि रोगी दगावला, तर वैद्याला सर्वांत खालच्या पायरीचा दंड. पण उपचारातल्या चुकीमुळे रोगी दगावला, तर मधल्या पायरीचा दंड. म्हणजे न कळवण्याचा दोष वेगळा आणि चुकीच्या उपचाराचा दोष वेगळा, हा भेद तेव्हाही केलेला होता. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात आणखी एक मजेदार नियम आहे. कोणी लपूनछपून जखमेवर इलाज करून घ्यायला आला, तर वैद्याने ती खबर गोप किंवा स्थानिक या अधिकाऱ्यांना द्यावी. दिली की वैद्य मोकळा, नाही दिली की तोही त्या गुन्ह्यात धरला जाई. आज सरकारी दवाखान्यात ज्याला आपण ‘एमएलसी’ म्हणतो, ती पोलिसांना कळवायची नोंद याहून वेगळी काय आहे?

सुश्रुताने मूतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी जे सांगितले, तेही कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. शस्त्रक्रिया केली नाही तर मरण निश्चित, केली तर शंका. म्हणून आधी धन्याची परवानगी घ्यावी आणि मगच हात घालावा, असा त्याचा सल्ला. आजच्या संमतीपत्राचे हे मूळच म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की तेव्हा परवानगी राजाची किंवा धन्याची, आज ती रुग्णाची स्वतःची.

इंग्रजी अमदानीत १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्या ८८ व्या कलमाखाली जे उदाहरण दिले होते, ते शल्यचिकित्सकाचेच होते. शस्त्रक्रियेने मृत्यू येऊ शकतो हे ठाऊक असूनही, रुग्णाच्या भल्यासाठी, सद्‌हेतूने आणि त्याच्या संमतीने ती केली, तर तो गुन्हा नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले होते. पुढे १८७० साली या संहितेत ‘३०४ अ’ हे कलम आले. बेदरकारपणे किंवा हयगयीने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. गाडीवान, मिलचा मालक, डॉक्टर, सगळ्यांना ते एकाच मापाने लागू होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या १०६ व्या कलमात इतरांसाठी हयगयीच्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना असे घडल्यास मात्र ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली. दीडशे वर्षांनी कायद्याने डॉक्टरसाठी वेगळे माप काढले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. तो चार कलमांचा लहानसा कायदा. शेवटच्या कलमात सद्‌हेतूने काम करणाऱ्यांवर दावा किंवा खटला चालणार नाही, असे अभय दिलेले होते. हे अभय सरकारी अंमलदारांना. लोकांच्या घरांत शिरून तपासणी करणाऱ्यांना. त्या जुलमाचा संताप पुण्यात कसा उसळला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच कायद्यात एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत दुरुस्ती झाली. आरोग्य सेवकावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर दुखापत केली तर सहा महिने ते सात वर्षे कैद, अशी तरतूद आली. ज्या कायद्यापासून लोकांना संरक्षण हवे होते, त्याच कायद्यात सव्वाशे वर्षांनी डॉक्टरांना लोकांपासून संरक्षण द्यावे लागले. मधल्या काळात काय काय झाले असेल, याचा अंदाज या एका दुरुस्तीवरून यावा.

डॉक्टरांनी स्वतःच्या कायदेशीर बचावासाठी संघटित होण्याची सुरुवात मात्र विलायतेत झाली. १८८४ साली तिथल्या एका डॉक्टरला त्याच्या दवाखान्यात आलेल्या स्त्रीवर हात टाकल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली. आठ महिने तुरुंगात काढल्यावर तो निर्दोष असल्याचे मान्य होऊन त्याला माफी मिळाली. एकट्या डॉक्टरला खटल्याचा खर्च झेपत नाही, चांगला वकील मिळत नाही, हे बघून १८८५ साली लंडनमध्ये ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ स्थापन झाली. सभासदांनी वर्गणी भरायची आणि एखाद्यावर प्रसंग आला की संस्थेने वकील द्यायचा, असा तो मामला. आपल्याकडे असा विचार रुजायला पुढे शंभर वर्षे लागली, कारण डॉक्टरला कोर्टात खेचणेच मुळात दुर्मीळ होते.

दुर्मीळ होते, पण नव्हते असे नाही. या विषयावर देशभर आजही ज्या निवाड्याचा आधार घेतला जातो, तो आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. ६ मे १९५३ ची संध्याकाळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकाठी वाळूत एका वीस वर्षांच्या मुलाचा अपघात झाला आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरने लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि पुण्याला न्यायचा सल्ला दिला. रात्री एक वाजता टॅक्सी निघाली, सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी दुपारच्या सुमारास पुण्यात पोचली. तिथल्या खासगी रुग्णालयात पायावर प्लास्टर चढवले गेले आणि त्याच रात्री नऊ वाजता मुलगा गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते, रक्तात चरबीची गुठळी. वडिलांचे म्हणणे असे, की भूल न देता जोर लावून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला.

प्रश्न एकच होता. शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड त्या तासाभरात झाले काय? एका बाजूला मुलगा गमावलेला बाप, दुसऱ्या बाजूला नामांकित डॉक्टर. खालच्या कोर्टाने तीन हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरचे अपील फेटाळले. मुलगा गेल्यानंतर पंधरा वर्षांनी. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या नावाने हा निवाडा प्रसिद्ध आहे. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. डॉक्टरने रुग्ण बरा करून दाखवलाच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी, एवढीच अपेक्षा ठेवली. माझ्या मते डॉक्टर आणि रुग्ण दोघांनीही हे तीन मुद्दे पाठ करून ठेवावेत.

दुसरा खटला मराठवाड्यातला. १९६३ च्या जुलैत औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. १० तारखेला ती आली, १३ तारखेला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखू लागले, ताप चढला. १९ तारखेला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत टॉवेल राहिलेला सापडला. २४ तारखेला ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार रुपये देवविले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने छत्तीस हजारांचा हुकूम पुन्हा कायम केला. पोटात टॉवेल राहिला, याहून वेगळा पुरावा कशाला हवा, असा साधा विचार त्यामागे होता. तो नेमका कोणत्या डॉक्टरच्या हातून राहिला हे सिद्ध झाले नाही, तरी दवाखाना सरकारचा म्हणून जबाबदारी सरकारचीच, असेही न्यायालयाने ठरवले. तेवढे ठरायला बत्तीस वर्षांहून अधिक काळ गेला. आईविना वाढलेली लेकरे तोवर स्वतः आईबाप होण्याच्या वयाची झाली असतील.

आता १९९५ कडे येऊ. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याआधी १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली होती, त्यामुळे महाराष्ट्राला ग्राहक चळवळ नवी नव्हती. डॉक्टरची सेवा या कायद्यात बसते की नाही, यावर देशभर उलटसुलट निकाल येत होते. शेवटी १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. जिथे सर्वांनाच सेवा फुकट मिळते, तो दवाखाना येत नाही.

या निकालाने डॉक्टर हादरले. दिवाणी दाव्याला कोर्ट फी लागते, वर्षानुवर्षे तारखा पडतात. ग्राहक मंचात साधा अर्ज करून दाद मागता येऊ लागली. व्यावसायिक जोखमीचा विमा घेण्याकडे डॉक्टर वळले, संघटनांनी सभासदांसाठी संरक्षण योजना काढल्या, संमतीपत्रे छापून आली. लंडनच्या संस्थेने १८८५ साली जे केले, ते आपल्याकडे या धसक्याने झाले.

पण या निकालाची दुसरी बाजू आपल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात अधिक बोचते. झरी-जामणीचा किंवा घाटंजीचा मजूर उपचाराला जातो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर यवतमाळच्या ‘मेडिकल’मध्ये. जिथे सगळेच फुकट, तिथे तो कायद्याच्या भाषेत ग्राहकच नाही. पुसदच्या किंवा वणीच्या खासगी दवाखान्यात चार पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोग आहे. ज्याच्याकडे पैसेच नव्हते, त्याला तोच जुना दिवाणी दावा, तीच बत्तीस वर्षांची वाट. कायद्याने गरिबाला दार बंद केले असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या वाट्याला लांबचा वळसा आला, हे खरेच.

फौजदारी बाजू वेगळी. रुग्ण दगावला की डॉक्टरवर गुन्हा, लगोलग अटक, असे प्रकार वाढले तेव्हा ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला. लुधियानाच्या एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाले आणि रुग्ण गेला, असे ते प्रकरण. न्यायालय म्हणाले, फौजदारी गुन्ह्यासाठी साधी हयगय पुरत नाही, ती ठोक हयगय असली पाहिजे. पोलिसांनी आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे मत घ्यावे, आणि निव्वळ आरोप झाला म्हणून अटक करू नये. डॉक्टरांना याने दिलासा मिळाला. नातेवाइकांना मात्र वाटले, डॉक्टरची चूक डॉक्टरनेच ठरवायची, तर आम्हांला न्याय कुठला? ही शंका अगदीच गैर म्हणता येत नाही. पण वैद्यकीय चूक कोणती आणि नशिबाचा फेरा कोणता, हे ठरवायला जाणकार लागतोच, यालाही इलाज नाही.

ग्राहक कायदा २०१९ मध्ये नव्याने झाला तेव्हा सेवेच्या व्याख्येतून आरोग्यसेवा हा शब्द गाळला गेला. आपली सुटका झाली, असे डॉक्टरांच्या काही गटांना वाटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले, की शब्द गाळला म्हणून डॉक्टर कायद्याबाहेर गेले नाहीत. पुढची गंमत ऐका. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. त्याच निकालात १९९५ चा निर्णय फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे न्यावा, असेही सुचवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची गरज नाही म्हणून तो विषय मिटवला. परिणामी आज डॉक्टरची फी भरणारा ग्राहक आहे आणि त्या डॉक्टरच्या वकिलाची फी भरणारा डॉक्टर ग्राहक नाही. मी स्वतः वकील असल्याने यावर अधिक बोलत नाही. माझे डॉक्टर मित्र भेटले की या विषयावर जे बोलतात, ते आकाशवाणीवरून सांगण्यासारखे नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला कायदा भेटतो तो भरपाईच्या दाव्यातून. यवतमाळच्या डॉक्टरला तो भेटतो विषाच्या बाटलीतून. कापसाचा आपला मुलूख. इथे रात्री-अपरात्री दवाखान्यात येतो तो कीटकनाशक पोटात गेलेला माणूस. अशा रुग्णाचा जीव वाचवणे हे पहिले काम, आणि १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यापासून तर स्पष्टच झाले आहे, की पोलीस येईपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत. पण उपचाराबरोबर नोंद करायची, पोलिसांना कळवायचे, पोटातून काढलेला द्रव तपासणीसाठी जपून ठेवायचा, दगावला तर शवविच्छेदन करायचे आणि व्हिसेरा पाठवायचा, हेही त्याच डॉक्टरने करायचे.

अशा वेळी नातेवाईक हात जोडून म्हणत, “डॉक्टरसाहेब, पोलीस केस करू नका.” जुन्या दंड संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. वाचलेला माणूस बरा झाला की आरोपी व्हायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले, आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुने कलमच उरले नाही. पण लोकांच्या मनातली भीती कलमाबरोबर जात नाही. ती अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

आणि त्या नोंदीवर किती अवलंबून असते पाहा. शेतकऱ्याची आत्महत्या निकषांत बसली, तर कुटुंबाला एक लाख रुपयांची सरकारी मदत, ही योजना २००६ पासूनची. फवारताना विषबाधा होऊन मृत्यू झाला, तर तो अपघात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत त्याला दोन लाख मिळतात, आत्महत्येला मिळत नाहीत. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि केसपेपर, या तीन कागदांवर सगळा निर्णय. रात्री दोन वाजता थकलेल्या डॉक्टरने ‘विष प्राशन’ लिहिले की ‘फवारणी करताना विषबाधा’ लिहिले, यावर एका विधवेचे पुढचे आयुष्य ठरते. नातेवाइकांनी काय सांगितले, अंगावर, कपड्यांवर औषधाचा वास किंवा डाग होते का, रुग्ण शुद्धीवर असताना स्वतः काय बोलला, हे जसेच्या तसे लिहून ठेवणे हीच त्या कुटुंबाची सर्वांत मोठी कायदेशीर सेवा असते. ती डॉक्टर करतो, वकील नव्हे. खोटे लिहावे असे कोणीच म्हणत नाही. पण घाईत अर्धवट लिहिलेले खरेसुद्धा पुढे कोर्टात खोट्यासारखे दिसते.

२०१७ चा पावसाळा आठवा. कापूस माणसाच्या उंचीइतका वाढला होता आणि फवारणीचे औषध वाऱ्याबरोबर अंगावर येत होते. जुलै ते ऑक्टोबरच्या काळात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. त्या वेळी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड डोळे चुरचुरणाऱ्या, दिसेनासे झालेल्या माणसांनी भरले होते. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. पुढे २०२० मध्ये इथल्या पीडितांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये, बासेलच्या एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध दाद मागितली. त्यात दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांचा दिवाणी दावाही होता. कंपनीने आरोप नाकारले. पण कोणते औषध फवारले, काय त्रास झाला, किती दिवस दवाखान्यात होता, हे सिद्ध करायला शेवटी आपल्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्याच्या आणि दवाखान्याच्याच कागदांकडे बघावे लागते. यवतमाळात लिहिलेली ओळ उद्या सातासमुद्रापार वाचली जाऊ शकते, हे त्या वेळी लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल.

कायद्याची गरज फक्त डॉक्टरांना लागते असेही नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या डोसऐवजी बारा लहान मुलांच्या तोंडात हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर पडले. सुदैवाने सगळी मुले सुखरूप राहिली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर कारवाईचा बडगा उगारला गेला. चूक गंभीर होती यात वाद नाही. पण अशा वेळी खालच्या पायरीवरच्या माणसाच्या बाजूने बोलायला कोण असते? मोठ्या डॉक्टरकडे विमा असतो, संघटना असते, नागपूरचा वकील असतो. आशा, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांच्याकडे काय असते?

याचे उत्तर कायद्यात आहे, ते फारसे कोणाला ठाऊक नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, म्हणजे ज्या निकालाने डॉक्टर हादरले त्याच्या बरोबर चार दिवस आधी. या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही तो आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. कारणे दाखवा नोटीस आली की घाबरून कोऱ्या कागदावर सही करून देण्याआधी आशाताईने एवढे जरूर करावे. रुग्णांसाठीही याच कायद्यात एक सोय आहे. २००२ च्या दुरुस्तीने स्थायी लोकअदालतींना लोकोपयोगी सेवांचे तंटे दिले गेले आणि रुग्णालयाची सेवा त्यांत मोडते. जिथे अशी अदालत आहे, तिथे कोर्ट फी न भरता समेटाचा मार्ग निघू शकतो.

शेवटी हल्ल्यांविषयी. महाराष्ट्राने २०१० मध्येच वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्था यांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात एका होतकरू डॉक्टरचा खून झाला. मारेकरी रुग्णाचे नातेवाईक नव्हते, तरी त्या अंधाऱ्या आवारात सुरक्षा किती होती हा प्रश्न राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी विचारला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तिथल्याच वॉर्डात एका रुग्णाने निवासी डॉक्टरवर चाकूने वार केले. कायदा पुस्तकात असून भागत नाही, दारावर पहारेकरी आणि आवारात दिवाही लागतो, हे त्या दोन घटनांनी शिकवले.

माझा अनुभव असा, की बहुतेक भांडणे चुकीपेक्षा न बोलण्यातून उभी राहतात. रुग्ण अत्यवस्थ झाला की त्याला घाईघाईने “नागपूरला हलवा” म्हणायचे आणि का ते सांगायचे नाही. नातेवाइकांनी केसपेपरची प्रत मागितली की ती द्यायला टाळाटाळ करायची. एका प्रकरणात, नाव सांगत नाही, एका बाईला नवऱ्याचे कागद मिळायला माझी नोटीस जावी लागली. कागद आले तेव्हा दिसले, की डॉक्टरने सगळे बरोबर केले होते आणि व्यवस्थित लिहूनही ठेवले होते. कागद पहिल्याच दिवशी दिले असते आणि पाच मिनिटे बसून समजावले असते, तर ती बाई माझ्या पायऱ्या चढलीच नसती. मी ते कागद तिला वाचून दाखवले. दावा करायचा नाही, असे तिनेच ठरवले. जाताना ती एवढेच म्हणाली, “हे त्यांनी तवाच सांगितलं असतं तर?”

डॉक्टरांसाठी सर्वांत स्वस्त कायदेशीर सेवा तीच आहे. वेळेवर बोलणे, आणि जे बोललो, जे केले, ते वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवणे. तिला फी पडत नाही आणि तारीखही पडत नाही.